दृष्टान्ताचा पत्ता

‘मॅडम, रहाटगाडगे म्हणजे काय हो?’

संतवाङ्मयाच्या तासाला हा प्रश्न दरवर्षी येतो. पूर्वी तो मागल्या बाकावरून यायचा, आता पहिल्या बाकावरून येतो, एवढाच काय तो फरक. यंदा मी खडू घेऊन फळ्याकडे वळणार, तोच विचारणारीने मोबाइल काढला, शब्द टाकला आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चित्र काढून शेजारणीला दाखवलेसुद्धा. विहीर, विहिरीवरचे चाक, चाकावरची माळ, माळेला बांधलेली मडकी आणि कडेला गोल फिरणारे बैल. माझा खडू हातातच राहिला. पण मुलगी चौकस. तिने चित्र नीट पाहिले, जरा विचार केला आणि म्हणाली, ‘हे कळले. पण आता याच्यासारखे काय आहे?’

ह्या प्रश्नाला मात्र मोबाइल बधला नाही. तिने शब्द उलटेसुलटे करून पाहिले. मडकी निघाली, पाण्याचे पंप निघाले, शेतीची अवजारे निघाली. उत्तर आले ते खिडकीशी बसलेल्या एका मुलाकडून, तेही मोबाइल खिशात ठेवून. ‘सरकता जिना!’ वर्ग हसला. मी हसले नाही, कारण उत्तर बिनचूक होते. पायरी भरून वर येते, माणसाला उतरवते, रिकामी होते, खालच्या अंधारातून पुन्हा तळाशी जाते आणि पुन्हा भरून वर येते. भरल्याने गर्व करू नये, रिकाम्याने रडू नये, हे सांगायला मडके लागतेच असे नाही. मॉलमधली पायरीही चालते.

दर आठवड्याला ह्या पानावर मला दीड स्तंभ मिळतो. दिवाळी अंकात संपादक उदार होतात, तेव्हा जरा पाय पसरून बसते आणि त्या मुलीच्या प्रश्नाचाच पाठपुरावा करते. वस्तू शोधणे आता अगदी सोपे झाले आहे. ‘सारखे’ शोधणे सोपे झाले आहे का? उपमा, दृष्टान्त, रूपके ह्यांचा एखादा साठा इंटरनेटवर करावा, ज्याला हवी त्याने त्यातून हवी ती उपमा काढावी, दुसऱ्याला द्यावी, असे घडू शकते का? प्रश्न भाषेच्या शिक्षिकेच्या हौसेचा वाटेल. तसा तो नाही, हे पुढे सांगते.

साठवण्याची कल्पना मुळीच नवी नाही. आपल्या मराठीत ती सातशे वर्षांपूर्वी झाली. चक्रधरस्वामींनी निरूपण करताना जे दृष्टान्त सांगितले, त्यांपैकी ११४ दृष्टान्त केसोबासांनी एकत्र केले, तो ‘दृष्टान्तपाठ’. तेराव्या शतकाच्या अखेरीचा हा ग्रंथ. पदवीच्या विद्यार्थ्यांना तो परीक्षेपुरता माहीत असतो, आणि परीक्षेनंतर तेवढाही नसतो. मला त्यातल्या गोष्टींपेक्षा केसोबासांची मांडणी अधिक नवलाची वाटते. प्रत्येक दृष्टान्ताला त्यांनी तीन कप्पे केले. पहिल्यात सूत्र, म्हणजे चक्रधरांचे मूळ वचन. दुसऱ्यात दृष्टान्त, म्हणजे गोष्ट. तिसऱ्यात दार्ष्टान्तिक, म्हणजे गोष्टीतले काय कशाला लावून घ्यायचे त्याचा खुलासा; आणि हा तिसरा कप्पा केसोबासांचा स्वतःचा. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ह्या ग्रंथातही ती आहे. कोणी पाय चाचपून हत्ती खांबासारखा म्हणतो, कोणी कान चाचपून सुपासारखा म्हणतो. (ह्या गोष्टीतला प्रत्येक आंधळा उपमाच देत असतो, आणि प्रत्येकाची उपमा आपापल्या जागी बरोबरही असते, ही गंमत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.) नुसती गोष्ट ठेवली असती तर ती कोणीही कशालाही लावली असती. आज लावतातच. नवरा बायकोला लावतो, विरोधी पक्ष सरकारला लावतो. केसोबासांनी तिच्या गळ्यात पत्त्याची चिठ्ठी बांधून ठेवली.

पुढे ह्या पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. पंथीयांनी ते जिवापाड जपले, पण बाहेरच्यांना ते बंद झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली शोधून काढली, तेव्हा कुठे उरलेल्या महाराष्ट्राला कळले की आपल्या घरात एवढी पेटी होती. साठा उत्तम, मांडणी उत्तम, पण कुलूप लागले की शतके जातात.

आता शोधण्याकडे वळू. सगळी मेख इथेच आहे.

मेरी गिक आणि कीथ होलिओक ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८० आणि १९८३ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी कार्ल डुंकर ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचे एक जुने कोडे घेतले. एका रोग्याच्या पोटात गाठ आहे. शस्त्रक्रिया करता येत नाही. किरण सोडून गाठ जाळता येईल. पण गाठ जळेल इतके प्रखर किरण सोडले तर वाटेतले चांगले मांसही जळेल, आणि सौम्य सोडले तर मांस वाचेल नि गाठही वाचेल. डॉक्टरांनी करावे काय? नुसते कोडे घातले तर दहांतल्या एखाद्यालाच ते सुटे. मग त्यांनी काही जणांना आधी एक निराळी गोष्ट वाचायला दिली. एका हुकूमशहाचा किल्ला आहे. त्याच्याकडे चहूबाजूंनी रस्ते येतात, पण रस्त्यांत सुरुंग पेरलेले. थोडी माणसे गेली तर काही होत नाही, मोठी फौज गेली की उडालीच. सेनापतीने फौजेच्या लहान लहान तुकड्या केल्या, प्रत्येक रस्त्याने एक तुकडी धाडली आणि सगळ्यांना एकाच वेळी किल्ल्याशी गाठ घालायला सांगितले. किल्ला पडला.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. किरणांचेही तसेच करायचे. अनेक बाजूंनी सौम्य किरण सोडायचे, ते गाठीवर एकत्र आले की प्रखर होतात. पण गोष्ट नुकतीच वाचलेल्यांपैकी आपण होऊन हे सुचले ते सुमारे दहांतल्या तिघांना. ‘मघाची गोष्ट उपयोगी पडते का पाहा’ एवढे एकच वाक्य सांगितल्यावर मात्र सुमारे चारांतल्या तिघांना उत्तर आले.

ह्या आकड्यांनी मला विचारात पाडले. दृष्टान्त डोक्यात होता. काही मिनिटांपूर्वीच घातलेला होता, शिळाही झाला नव्हता. तरी बहुतेकांना तो हाती लागला नाही, कारण डोक्याने तो ‘लढाई’च्या फडताळात ठेवला होता आणि शोध चालला होता ‘दवाखाना’च्या फडताळात. किल्ल्यांच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्या मुलांचेही ह्याहून निराळे होईल असे समजू नये.

जी गत डोक्याची तीच यंत्राची, किंबहुना थोडी अधिकच. शोधयंत्राला फार दिवस एकच विद्या येत होती: तुम्ही दिलेला शब्द जिथे दिसेल तिथे बोट दाखवायचे. त्यातून आपली मराठी म्हणजे नगास नग. ‘जाते’ हा शब्द टाका. दळायचे जाते राहते बाजूला आणि कोण कोठे जाते ह्याचीच यादी येते. ‘सूप’ टाकले की टोमॅटोचे करायची कृती. ‘मोट’ टाकली की अमुक नेता तमुक पक्षांची मोट बांधतो आहे, हीच बातमी. आणि समजा, शब्दाचा घोळ नाही झाला, तरी उपमेचा प्राणच मुळी शब्दांच्या फारकतीत असतो. गाठीच्या कोड्यात किल्ला हा शब्द नाही, किल्ल्याच्या गोष्टीत किरण हा शब्द नाही; म्हणून तर तो दृष्टान्त. एखादी वस्तू तिच्यासारखी तीच असे म्हटले तर त्याला अलंकारशास्त्रात अनन्वय म्हणतात. शब्दावरून शोधणाऱ्या यंत्राला सगळ्या अलंकारांत अनन्वय तेवढा चांगला सापडतो!

आपल्या कोशांचेही थोडे असेच आहे, हे कबूल केले पाहिजे. दाते आणि कर्वे ह्यांनी शब्दकोशाखेरीज दोन भागांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश केला. काय अफाट काम आहे ते! त्यांचा शब्दकोश आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येतो. पण वाक्संप्रदाय लागले आहेत अकारविल्हे. म्हण आधी माहीत असेल तर तिचा अर्थ मिळतो. अर्थ मनात आहे आणि म्हण हवी आहे, अशा माणसाने पहिल्या पानापासून वाचत सुटावे. मी तसे एका उन्हाळ्याच्या सुटीत केले. मोठी मौज आली, पण हवी ती म्हण सापडेपर्यंत तिचे कारणच विसरले होते.

अलीकडे यंत्रांनी दुसरी विद्या शिकून घेतली आहे. २०१३ साली गूगलमधल्या टोमास मिकोलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांना आकड्यांचे पत्ते देण्याची एक झटपट रीत प्रसिद्ध केली. ज्या शब्दांना सारखी संगत, त्यांची घरे जवळजवळ. मग असे दिसले की ‘पुरुष’च्या घरापासून ‘स्त्री’चे घर ज्या दिशेला नि जेवढ्या अंतरावर आहे, त्याच दिशेला तेवढेच ‘राजा’पासून चालत गेले की ‘राणी’च्या दारात पोचतो. जगभर ह्या उदाहरणाचे कौतुक झाले. त्यात एक लहानशी मेख आहे, ती कौतुक करणारे सांगत नाहीत: विचारलेले शब्द उत्तरातून आधीच बाजूला काढून ठेवलेले असतात, नाहीतर राजाच्या दारातून निघालेला माणूस पुष्कळदा राजाच्याच दारात परत येतो. शिवाय राजा नि राणी हे एकाच गल्लीतले. सेनापती आणि डॉक्टर ह्यांची गावेच वेगळी.

ती दोन गावे जोडायचा चांगला प्रयत्न झाला तो २०१७ साली. जेरुसलेमचे हिब्रू विद्यापीठ आणि अमेरिकेतले कार्नेगी मेलन विद्यापीठ ह्यांच्याशी संबंधित चार संशोधकांनी, टॉम होप, जोएल चॅन, अनिकेत किट्टूर आणि दाफ्ना शहाफ ह्यांनी, सामान्य लोकांनी सुचवलेल्या नव्या नव्या वस्तूंची हजारो वर्णने घेतली. मग पैसे देऊन माणसे बसवली आणि प्रत्येक वर्णनात दोन गोष्टींवर खुणा करून घेतल्या: ही वस्तू कशासाठी आहे, आणि ते काम ती कसे करते. प्रयोजन आणि युक्ती. ह्या खुणांवरून यंत्राला शिकवले आणि मग त्याला सांगितले, प्रयोजन सारखे पण युक्ती निराळी असे जोड काढ. ते वाचून लोकांना चांगल्या कल्पना सुचण्याचे प्रमाण वाढले. मी हे वाचले तेव्हा मनात म्हटले, अहो, हे तर आमचे केसोबास! गोष्ट वेगळ्या कप्प्यात आणि ती कशासाठी हे वेगळ्या कप्प्यात. यंत्र कितीही शहाणे असो, पहिली चिठ्ठी माणसालाच बांधावी लागली.

निसर्गापासून युक्त्या घेणाऱ्यांनी हा धडा आधीच गिरवला होता. अमेरिकेतल्या बायोमिमिक्री इन्स्टिट्यूटने २००८ साली ‘आस्क नेचर’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात प्राणी आणि वनस्पती ह्यांच्या युक्त्या साठवल्या आहेत, पण त्या नुसत्या नावावारी नाहीत, कामावारीही लावल्या आहेत. चिकटून राहायचे आहे, पाणी साठवायचे आहे, आवाज कमी करायचा आहे, असे आपले गाऱ्हाणे सांगायचे आणि कोणत्या जिवाने ते कसे निस्तरले ते पाहायचे. ह्याचा उपयोग कळायला जपानच्या गाडीची गोष्ट आठवावी. तिथली अतिवेगवान शिंकान्सेन गाडी बोगद्यात शिरली की पुढची हवा दाबली जाई आणि बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी बार उडाल्यासारखा आवाज होई. एइजी नाकात्सु नावाच्या अभियंत्याने गाडीचे नाक धीवर पक्ष्याच्या, म्हणजे आपल्या खंड्याच्या कुळातल्या पक्ष्याच्या, चोचीसारखे लांब निमुळते करायचे ठरवले. विरळ हवेतून दाट पाण्यात सूर मारताना तो पाणी फारसे उडवीत नाही. १९९७ साली ती गाडी रुळांवर आली. पण नाकात्सुंना हे सुचले का? तर ते पक्षिनिरीक्षक होते म्हणून. खंड्या आणि बोगदा दोन्ही एकाच डोक्यात राहत होते. ज्या अभियंत्याच्या डोक्यात बोगदा आहे पण खंड्या नाही, त्याची गाठ त्या दुसऱ्या डोक्याशी घालून देणे, हे काम इंटरनेटचे. दळणवळण त्याला येते. ओळख करून देणे शिकवावे लागते.

आता घरी येऊ. जात्यावरच्या ओव्या म्हणजे उपमांची खाणच. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ ह्या दोघांनी सहकाऱ्यांसह हजारावर गावांतून एक लाख दहा हजारांहून अधिक ओव्या गोळा केल्या. वीज आली, गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली, तसतशा ओव्याही जाणार होत्या. त्या आधी गाठल्या. पण नुसत्या गोळा केल्या असत्या तर लाखभर ओव्यांचे ते एक मोठे कोठार झाले असते आणि त्यात उंदीर तेवढे फिरले असते. त्यांनी त्या विषयवार लावल्या. ओवी कोणत्या शब्दाने सुरू होते ह्यावरून नव्हे, तर ती कशाविषयी आहे ह्यावरून: मायलेकी, भाऊबहीण, सीतेचा वनवास, बाईचे कष्ट. दोघेही आज नाहीत, पॉइतवाँ २००४ साली गेले आणि राईरकर २०१० साली; पण तो साठा संगणकावर गेला आणि २०१७ पासून ‘पारी’ ह्या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर तो क्रमाने प्रसिद्ध होऊ लागला. ओवीबरोबर गाणारणीचे नाव असते, गाव असते, कित्येकींचा आवाजही असतो. उपमेवर मालकी कोणाची हा प्रश्न पंडित मंडळी कधी विचारीत नाहीत. कवीची असली तर ती त्याच्या नावावर, आणि दळणाऱ्या बाईची असली तर ‘लोकपरंपरा’ अशी विल्हेवाट. इथे तरी तिचे नाव राहिले.

आमच्या वर्गात आम्ही ह्याची एक अगदी छोटी नक्कल करतो. आठनऊ वर्षे झाली. दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाने घरच्या माणसांच्या तोंडची एक तरी उपमा आणायची, पुस्तकातली चालणार नाही. पूर्वी ती वहीत लिहीत असू. आता सगळ्यांना मोबाइलवर दिसेल अशा सामायिक तक्त्यात लिहितो. तक्त्याला चार रकाने. उपमा कोणती, कशासाठी म्हटली, कोणी आणि कोठे म्हटली, आणि चौथा, ती कोठे तुटते. पहिले तीन मुले झटकन भरतात. चौथ्यापाशी पेन चावत बसतात.

चार वर्षांमागे सातारा जिल्ह्यातल्या एका मुलीने आपल्या आजीची उपमा लिहिली. आजोबांना विसरायचा आजार झाला होता. डॉक्टरांनी नाव सांगितले, ते घरात कोणाला उच्चारताही येईना. जेवलो की नाही हे आजोबांच्या लक्षात राहत नसे, पण साठ वर्षांपूर्वीच्या बैलजोडीची नावे ते घडाघडा सांगत. आजी एकदा ओसरीच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘अगं, ह्यांचं आता ह्या भिंतीवाणी झालंय. वरचा नवा रंग आधी सुटतोय. खालची जुनी निळी अजून धरून हाय.’ कशासाठी ह्या रकान्यात मुलीने लिहिले, ‘आजोबांचे विसरणे’. आणि चौथ्या रकान्यात, ‘भिंतीला पुन्हा रंग देता येतो.’

मी ते वाचले, दाद दिली आणि इतर उपमांबरोबर ते तक्त्यात पडून राहिले. दोन वर्षांनी वसतिगृहात राहणारा एक मुलगा तासानंतर थांबला. त्याच्या घरी आजीचे तेच झाले होते. आजी शेजारणीला सांगे की सून मला जेवायला घालीत नाही; आणि त्याच तोंडाने आपल्या लग्नातल्या पंगतीत कोणाच्या पानात काय वाढले ते सांगे. त्याची आई म्हणे, एवढे आठवते तर दुपारचे कसे आठवत नाही, सोंग आहे नुसते. घरात रोज भांडण, बाहेर बदनामी. डॉक्टरांचे सांगून झाले, इंटरनेटवरचे दहा लेख वाचून झाले. आईच्या गळी काही उतरेना. मुलगा एका रात्री आमचा तक्ता चाळत होता, दुसऱ्या रकान्यात ‘विसरणे’ दिसले आणि त्याने ती ओळ फोनवरून आईला वाचून दाखवली. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, ‘कुठल्या रे त्या आजी?’ दुसऱ्या दिवसापासून भांडण मिटले असे मी सांगणार नाही. संसारात असे होत नसते. पण ‘सोंग’ हा शब्द त्या घरातून गेला, असे तो म्हणाला.

त्या मुलाने ‘भिंत’ हा शब्द शोधला असता तर? पण तो का शोधील? त्याच्या घरात भिंतीचा प्रश्नच नव्हता. म्हणून मी मघापासून पत्त्याच्या चिठ्ठीविषयी एवढी घसा कोरडा करते आहे.

वाटण्याविषयी थोडे सांगायला हवे. उपमा वाटली जाते तेव्हा वाटेत तिचे रकाने गळतात, आणि सगळ्यांत आधी गळतो तो चौथा. रदरफर्ड ह्यांनी १९११ साली अणूच्या मध्यभागी केंद्रक असल्याचे सांगितले, बोर ह्यांनी १९१३ साली त्याभोवती इलेक्ट्रॉनांच्या कक्षा आखल्या. तेव्हापासून अणू म्हणजे चिमुकली सूर्यमाला ही उपमा रूढ आहे. पदार्थविज्ञानाला ही उपमा अपुरी पडून आता शंभर वर्षे होत आली, इलेक्ट्रॉन ग्रहासारखा ठरावीक वाटेने फिरत नाही हे सर्वमान्य झाले. तरी वहीच्या कव्हरापासून संस्थांच्या बोधचिन्हांपर्यंत ते तीन वेटोळ्यांचे चित्र आहेच. अणूचे निदान काही बिघडत नाही. ‘देशाचा जमाखर्च घरच्या जमाखर्चासारखा’ ही उपमा मोबाइलवरून मोबाइलवर फिरते तेव्हा मात्र बिघडते. हात आखडावा एवढ्यापुरती ती खरी आहे; पण घर नोटा छापू शकत नाही आणि देश पेन्शनीत निघत नाही, हे सांगणारा रकाना पुढे धाडताना कोणी धाडत नाही.

आता कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला नुसते म्हणावे, अमक्याला उपमा दे, की ते दहा देते. देते खरे. मी स्मृतीसाठी मागून पाहिल्या. ग्रंथालय, कपाट, नदी, वाळूवरची अक्षरे, अशा सुबक दहा उपमा एका दमात आल्या. चूक एकही नव्हती. पण उपाहारगृहात कोणतीही भाजी मागवली तरी खालचा रस्सा एकच असतो ना, तशी त्यांची चव. ओसरी कोणाची, निळी कोणत्या दिवाळीला लावलेली, हे त्यांत कुठून येणार? उलट हीच यंत्रे शोधायच्या कामाला लावली तर फार गुणी आहेत, हेही सांगितले पाहिजे. आमचा तक्ता मी एकदा त्या यंत्रापुढे ठेवला आणि विचारले, एका मुलीची नोकरी सुटली आहे पण तिने घरी सांगितलेले नाही, तिला ह्यातले काय लागू पडेल? त्याने काढून दिली ती एका मुलाच्या काकांची उपमा: बंद पडलेल्या घड्याळाला हातावर मिरवणे. त्या ओळीत नोकरी हा शब्द नव्हता, घर नव्हते, काही नव्हते. सेनापती आणि डॉक्टर एकमेकांना भेटले म्हणायचे. तेव्हा माझा कौल असा: करायला माणूस, हुडकायला यंत्र.

शाळेत आपण उपमेची चार अंगे पाठ केली होती. उपमेय, उपमान, दोघांतला समान धर्म, आणि ‘सारखा’ ‘जणू’ असा साधर्म्य दाखवणारा शब्द. चारही असली की पूर्णोपमा, एखादे नसले की लुप्तोपमा. आमच्या तक्त्यात यंदा एक लुप्तोपमा आली आहे. एका मुलीने पहिल्या रकान्यात लिहिले, ‘लग्नात आणलेल्या उसन्या पातेल्यासारखे’. तिसऱ्यात लिहिले, ‘मावशी, बार्शी’. दुसरा रकाना कोरा. मावशी हे नेहमी म्हणायची एवढेच तिला आठवते; कशाला म्हणायची ते तिला आठवत नाही, आणि विचारायला मावशी आता नाही. वर्गात मी ते फळ्यावर लिहिले. एक जण म्हणाला, सगळे वापरतात पण घासत कोणी नाही, असे माणूस. एक मुलगी म्हणाली, वर दुसऱ्याचे नाव कोरलेले असते, म्हणजे सासरी आलेली सून. तिसरी म्हणाली, छे, लग्न संपले की सगळ्यांना त्याचीच काळजी, कुठे गेले, कोणाचे होते, पोचले की नाही. म्हणजे घरातला म्हातारा माणूस. रकाना आम्ही अजून भरलेला नाही. सोलापूर भागातल्या कोणा वाचकाच्या घरी हे म्हणत असतील, तर कशाला म्हणतात ते संपादकांच्या पत्त्यावर अवश्य कळवावे. पोस्टकार्ड चालेल.